सतरा गतिरोधकांची वही

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी पावणेदोन वाजता, घणसोली गावातल्या एका गॅरेजमध्ये, एका लाल स्पोर्ट्‌स कारचे चारही इलेक्ट्रॉनिक शॉकअप काढून त्या जागी साधे शॉकअप बसवून झाले. काम करणारे गृहस्थ माझे घरमालक होते. वय एकाहत्तर. गाडी त्यांनी त्या दिवशी दिली नाही. बुधवारीही दिली नाही.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत साडेचार वर्षं राहिलो. खाली गॅरेज होतं, मागे त्यांचं घर. गॅरेजच्या पत्र्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : ‘फक्त शॉकअप. इंजिनासाठी पुढे जा.’ पुढे कुठे, ते लिहिलं नव्हतं. कोणी विचारलं तर ते हातानं ठाण्याची दिशा दाखवत.

खोली देण्यापूर्वी त्यांनी माझं काम विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जिना उतरून दाखवायला सांगितलं. मी उतरलो. ते खाली उभे राहून माझ्या पायांकडे बघत होते.

“तुमी टाच आपटता,” ते म्हणाले. “पन्नाशीत गुडघं जातील. खोली घ्या, पन जिना हलू उतरा.”

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या खाटेच्या चारही पायांखाली गाडीच्या शॉकअपमधले जुने रबरी बुश बसवून दिले. ठाणे–बेलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रेलरची थरथर भिंतीतून खाटेत येते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ती कधी जाणवली नव्हती. बुश बसवल्यानंतर ती नाहीशी झाल्याचं मात्र जाणवलं. घरातल्या देव्हाऱ्याखाली, फ्रिजखाली आणि काकूंच्या शिलाई मशीनखालीही तेच बुश होते. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. “माझ्या खाली तेवढं लावायचं रायलंय,” असं त्या आल्यागेल्याला सांगत.

घरमालकांचे वडील खाडीच्या बांधावर उघाडी सांभाळत. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरती आली की खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून ते मिटायचं, ओहोटी लागली की शेतातलं पाणी त्यातून बाहेर जायचं. ती शेती आता नाही. त्या जागी शहराचे सेक्टर आहेत. पण शॉकअप म्हणजे काय, हे घरमालक गिऱ्हाइकाला उघाडीवरूनच समजावत.

“नलीत तेल हाय. दट्ट्याला बारीक भोकं हायेत. चाक उडालं की तेल त्या भोकांतून जातं. आता उघाडी बघ. पानी एकदम सोडलं तर बांध जातो. अडवून धरलं तर भात जातो. जेवढ्यास तेवढं सोडायचं. झाला तुजा शॉकअप.”

गिऱ्हाइकं बहुतेक महापे आणि ऐरोलीच्या कंपन्यांतली तरुण मुलं असत. त्यांनी उघाडी पाहिलेली नसे. भातशेतीही क्वचितच पाहिलेली असे. ती मान डोलवत.

घरमालकांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे वही. लांबट, पुठ्ठ्याची, तेलाच्या बोटांचे डाग पडलेली. गॅरेजपासून गावातल्या तळ्याच्या कडेनं सेक्टरच्या मोठ्या रस्त्याला लागून, पाम बीच रस्त्याच्या टोकाला वळून परत येईपर्यंत सतरा गतिरोधक लागत. घरमालकांनी त्या सतरांना नावं दिली होती. पहिली ‘म्हातारी’, कारण ती एका बाजूला झुकलेली होती. मग ‘जुळे’, दोन एकापाठोपाठ, वहीत पहिला आणि दुसरा. ‘तलाठी’ झाडाच्या सावलीत होता आणि समोर येईपर्यंत दिसत नसे. शाळेच्या अलीकडे ‘सासू’ : अरुंद, उंच, धारदार. शेवटचा ‘व्याही’, रुंद आणि गुबगुबीत. वहीत प्रत्येक गाडीला एक पान. पानावर सतरा नावं आणि नावांपुढे दोन रकाने : ‘कलला’ आणि ‘लागला’. त्यांच्या बोलीत ळ नव्हता; ‘कलला’ म्हणजे कळला.

काम झालं की गाडीच्या मालकानं ती चालवायची. घरमालक शेजारच्या सीटवर चपला काढून, तळवे खाली टेकवून, डोळे मिटून बसत आणि एकेक नाव पुकारत. म्हातारी. जुळे. तलाठी. परत आल्यावर वहीत खुणा करत. सगळे ‘कलला’त आणि एकही ‘लागला’त नाही, अशी गाडी पास. बाकीच्या पुन्हा जॅकवर.

“आयला, नुसतं मऊ पायजे तर गादीवर बस ना,” गाडी अजून कडक वाटते, मऊ करा, असं म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले होते. “रस्ता कलला पायजे. लागला नाय पायजे.”

डोळे का मिटायचे, हे मी त्यांना विचारलं होतं. ते तेव्हा गावातल्या रुग्णवाहिकेखाली पडून काम करत होते. तिचं काम ते नेहमी स्वतःहून करत. उत्तर गाडीखालून आलं. ते लहान असताना त्यांच्या वडिलांना टेंपोत आडवं घालून ठाण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. रस्ता कच्चा होता.

“डायवरला खड्डा दिसतो, तो अंग आवलून घेतो. झोपून चाललेल्या मानसाला दिसत नाय. बाबा दर खड्ड्याला मना विचारायचा, अजून किती हायेत रं.”

मग त्यांनी तेरा नंबरचा पाना मागितला.

एक गोष्ट मी तेव्हा चुकीच्या रकान्यात टाकली. लाल गाडी येण्याच्या साधारण वर्षभर आधी, एका सकाळी घरमालक नाक्यावरून दूध घेऊन परत आले, तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी जिन्याखालीच राहिली होती. काकूंनी ती उचलून त्यांच्यासमोर धरली आणि आत गेल्या. मी त्याला विसराळूपणा समजलो आणि त्या दिवशी ऑफिसात गंमत म्हणून सांगितलं.

लाल गाडी उलव्याहून आली. मालकीण पस्तिशीची, महाप्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करणारी. गाडी तिनं सेकंडहँड घेतली होती. पुढे दोन नीट सीट, मागे दोन नावापुरत्या. तिचे वडील एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. लहानपणी ती त्यांच्या बसमध्ये इंजिनाच्या बॉनेटवर बसायची. “बाबांची गाडी फार उंच होती,” ती म्हणाली. “मला खाली बसून चालवायची होती.”

गाडीच्या पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळत होतं. त्या गाडीत तेलाची भोकं किती उघडायची ते गाडीतला कंप्युटर विजेनं ठरवतो, क्षणाक्षणाला. एक शॉकअप बिघडल्यावर कंप्युटरनं बाकीचे तीनही कडक करून ठेवले होते. तसाच नवा परदेशातून यायला काही महिने लागणार होते. तिच्याकडे चार दिवस होते.

कारण तिचे वडील. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्याला अकरा महिने झाले होते आणि तेव्हापासून ते गावी गेले नव्हते. गाव महाडच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. गावात नवं बुद्धविहार बांधून झालं होतं. त्याच्या समितीचे ते नऊ वर्षं सचिव होते. शनिवारी उद्घाटन होतं. मुलीनं त्यांना सरावासाठी सोसायटीच्या गेटपासून स्टेशनच्या चौकापर्यंत लाल गाडीतून नेलं होतं. चौकात त्यांनी गाडी थांबवायला लावली.

“काय बोलले माहितेय काका? तू गाडी घेऊन ये, मी बसनं येतो. आणि खरंच उतरून बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले.”

घरमालक हसले नाहीत. “बरोबर केलं,” ते म्हणाले.

तिनं साध्या शॉकअपचा खोका सोबत आणला होता. यात वीज नव्हती, खालच्या टोकाला एक चकती होती. चकती फिरवली की टिकटिक होत भोक लहानमोठं होतं. घरमालकांनी चारही शॉकअप फरशीवर उभे केले, एकेक हातानं दाबला आणि वर यायला किती श्वास लागतात ते मोजलं. मग जुने इलेक्ट्रॉनिक शॉकअप उतरवून बाजूला ठेवले.

“उघाडीवर मानूस बसवलाय यांनी. चांगला हुशार हाय. पन पगारी हाय. त्याचं सोताचं शेत नाय.”

खोक्यात चार छोटे विजेचे तुकडे होते. ते वायरींना लावले की जुने शॉकअप जागेवरच आहेत असं कंप्युटरला वाटतं आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझतो. घरमालकांनी ते हातात घेऊन पाहिले आणि परत खोक्यात टाकले.

“हे नाय लावनार.”

“का काका?”

“गाडीशी खोटं बोलायचं नाय. उद्या ती आपल्याशी बोलंल.”

मुलीनं थोडा विचार केला. “मग सांगून टाकू ना तिला. सेटिंगमध्ये जाऊन, की शॉकअप काढलेत, आता तू शोधू नको. ते खोटं नाही.”

“सांगता येतं?”

“येतं. लॅपटॉप लागतो.”

“मग सांग ना पोरी.”

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला आणून ते करून घेतलं. दिवा विझला. “काय बोलला कंप्युटर?” घरमालकांनी विचारलं. “ओके बोलला.” “समजदार हाय,” ते म्हणाले. पण ते बुधवारी. त्याआधी मंगळवारची फेरी झाली होती.

त्या फेरीत मागच्या सीटवर मी होतो, गुडघे हनुवटीला लावून. मुलगी चालवत होती. घरमालकांनी चपला काढल्या, तळवे टेकवले, डोळे मिटले. दुपारचे सव्वादोन वाजले होते.

“म्हातारी. कलली.” तळं मागे पडलं. “जुले. कलले. पुढचा जरा लागला.” सेक्टरचा रस्ता लागला. “तलाठी.”

शाळेच्या अलीकडे रस्ता आठवडाभरापूर्वी केबलसाठी खणून नव्यानं डांबरून झाला होता. डांबर काळं आणि सपाट होतं. गाडी त्यावरून सरळ गेली.

“सासू,” घरमालक म्हणाले. “कलली. लागली नाय.”

मुलीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गाडी साधारण शंभर मीटर पुढे गेली. मग तिनं गाडी कडेला घेतली.

“काका, सासू काढली. मागच्या आठवड्यात. रस्ता नवा केलाय.”

घरमालकांनी डोळे उघडले नाहीत. “परत घे,” ते म्हणाले.

तिनं गाडी वळवून परत नेली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी वाकून दोन्ही हातांचे तळवे पायांशेजारी टेकवले. रस्ता सपाटच होता. मग ते सरळ बसले.

“दोन वरसं झाली,” ते म्हणाले. “साखरेनं पाय गेले. लागलेलं कंबरेला समजतं. कललेलं पायालाच समजतं. ते बंद झालं.”

“मग नावं कशी सांगता?” मी विचारलं.

“पाठ हायेत.”

गॅरेजमध्ये परतल्यावर त्यांनी वहीतलं त्या दिवशीचं पान काढलं, उभी रेघ मारून रद्द केलं आणि मुलीला सांगितलं, “गाडी देत नाय.”

“काका, शनिवारी जायचंय. बाबा नऊ वर्षं—”

“मना ठाव हाय. तुजा बाप वाटेत मना शिव्या घालंल. मी काय सांगू, कललं का लागलं? मनाच कलत नाय.”

ती खोक्यावर बसली. रडली नाही. हातातली किल्ली फिरवत राहिली. काकू मागच्या दारात उभ्या होत्या. हातात चहा होता.

“वरसभर मी चप्पल उचलतेय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “गरम सायलेन्सरला पाय लागून फोड आयला, तो पन मीच बघितला. मी बोलले का कोनाला? आता तूच बोललास, बरं झालं.” मग मुलीकडे वळून : “तुजा बाप बस चालवायचा ना? त्याचे पाय हायेत ना? मग त्यालाच आन की.”

वडील गुरुवारी सकाळी आले, उलव्याहून बसनं, सगळा वेळ उभ्यानं. उभं राहिलं की दुखत नाही, असं त्यांनी सांगितलं. कंबरेला पट्टा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. घरमालकांनी त्यांना जिना उतरायला लावला नाही. त्यांचे बूट बघितले आणि काढायला सांगितले.

“डोले मिटून बसायचं.”

“ते नाही जमणार,” वडील म्हणाले. “एकतीस वर्षं चालू गाडीत डोळे मिटले नाहीत. ऑपरेशनवरून घरी आणलं तेव्हासुद्धा पुढं बघत होतो.”

“डोले बगतात तवा पाय ऐकत नाय.”

“अहो, पण समोरून कोणी आलं तर?”

“तर ती हाय ना चालवायला.”

“ती आहे हो. पण मी पण आहे ना.”

मुलगी स्टिअरिंगवर बसली होती. तिनं सीटबेल्ट लावला.

“बाबा,” ती म्हणाली, “मी चालवतेय.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग बूट काढले, सावकाश, काकूंनी दिलेल्या स्टुलावर पाय ठेवून. सीटवर बसले. तळवे टेकवले. डोळे मिटले. घरमालक वही घेऊन मागच्या सीटवर चढले. त्यांना बसवायला मी आणि काकू लागलो.

त्या फेऱ्यांत मी गाडीत नव्हतो. पुढचं मुलीनं सांगितलेलं आणि वहीतलं आहे. फेऱ्या तीन झाल्या. पहिल्या फेरीत वडिलांना नावं माहीत नव्हती, म्हणून त्यांनी वर्णनं सांगितली : “डावीकडे झुकलेला.” “दोन लागोपाठ, दुसरा बसला कंबरेत.” “उजवं चाक, खड्डा, मोजू नका.” घरमालकांनी खड्डाही मोजला. फेरी संपल्यावर ते गाडीखाली गेले, पुढच्या दोन चकत्या तीन टिकटिक मागे आणि मागच्या दोन एक टिकटिक पुढे फिरवून बाहेर आले. वेळ लागतो म्हणून वडील तेवढ्यात ओट्यावर आडवे झाले. त्यांना उघाडीची गोष्ट तेव्हाच, गाडीखालून, ऐकायला मिळाली. त्यांनी उठून बसून दोन प्रश्न विचारले. भरतीच्या वेळी दार आपोआप मिटायचं की कोणी मिटायचं. आणि रात्री कोण बघायचं. याआधी कोणत्याही गिऱ्हाइकानं प्रश्न विचारले नव्हते, असं काकू म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा दोन टिकटिक. तिसऱ्या फेरीत शेवटच्या गतिरोधकावर वडील काही बोलले नाहीत.

“झोपलात काय?” घरमालकांनी मागून विचारलं.

“नाही. आला आणि गेला.”

“कोन आला?”

“व्याही तुमचा.”

“कलला?”

“कळला.”

“लागला?”

“नाही.”

गुरुवारच्या पानावर सोळा नावं आहेत. सासूच्या नावावर काट मारलेली आहे. ‘कलला’मध्ये सोळा खुणा आहेत. त्या वडिलांनी स्वतःच्या पेनानं केल्या, कारण त्या घरमालकांनी करायला नकार दिला. गाडी संध्याकाळी पाच वाजता गेली. निघताना घरमालकांनी वही वडिलांच्या हातात दिली. साडेचार वर्षांत ती गॅरेजबाहेर गेलेली मी पाहिली नव्हती.

“पुढचा रस्ता मना पाठ नाय,” ते म्हणाले.

शनिवारी सकाळी सहा वाजता बाप-लेक उलव्याहून निघाले. वही सोमवारी परत आली. मुलगी ऑफिसला जाताना देऊन गेली. घरमालक तेव्हा रुग्णवाहिकेखाली होते, म्हणून ती मी घेतली आणि उघडली. पनवेलच्या पुढून सुरू होणारी पाच पानं भरलेली होती. अक्षर सरळ, सचिवाचं. बहुतेक गतिरोधकांना नावं नव्हती, फक्त गावं लिहिली होती. शेवटची नोंद त्यांच्या गावात शिरताना लागणाऱ्या, ओढ्यावरच्या मोरीची होती. तिला नाव दिलं होतं : ‘उघाडी’. ‘कळला’ या रकान्यात खूण होती. ‘लागला’ हा रकाना कोरा होता.